जिताड्यातलं शिसं

चारकोप, कांदिवली पश्चिम
३ फेब्रुवारी २०२५

बॅप्टिस्ट,

दरवेळी 'दादा' लिहिते, आज लिहीत नाही. परवा भांडुपला तुझ्या दारात उभी होते तर तू मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीस. फोन आधीच ब्लॉक केलायस. वर म्हणालास, "तू बोलतेस एक आणि मागून सांगतेस दुसरं. जे काय आहे ते लिहून दे." घे मग लिहून.

नाताळला तू तुझ्या तळ्यातले दोन जिताडे मासे पाठवलेस. एक आम्ही खाल्ला, दुसरा फ्रीझरमध्ये राहिला. जानेवारीत आमच्या अंधेरीच्या लॅबमध्ये नवीन मशीन आलं. ते नीट चालतंय का बघायला काहीतरी सँपल हवं होतं, म्हणून मी त्याचा तुकडा नेला. त्यात शिसं निघालं. कायद्याने चालतं त्याच्या चौपट. मला वाटलं मशीन चुकतंय. जुन्या मशीनवर पुन्हा केलं, दोनदा. आकडा हलला नाही. सोबत कॅडमियमही आहे.

आणि ऑक्टोबरमध्ये मुलुंडच्या केटररला, त्या चंद्रप्रकाशला दाखवायला तू मासे तपासून नेलेस, त्या रिपोर्टवर माझी सही आहे. त्यात शिसं नसल्यातच जमा. एकाच तळ्यातल्या माशांत दोन महिन्यांत इतका फरक पडत नाही. म्हणजे तू आणलेले मासे तुझे नव्हतेच. बाजारातले मासे आणून चुलत बहिणीच्या सहीवर खपवलेस.

विक्री आजच्या आज बंद कर. आणि इव्हाच्या रक्तातलं शिसं तपासून घे. नाताळच्या दिवशी ती टेबलाखाली पोट धरून बसली होती. चार वर्षांची झाली, पण गेल्या वर्षी बोलायची त्यापेक्षा कमी बोलते. तू तिला रोज जिताड्याचं डोकं आणि काटे उकळून सार पाजतोस. शिसं काट्यांतच सगळ्यात जास्त साठतं. तू तिचा आजोबा आहेस ना?

सिंथिया


भांडुप
९ फेब्रुवारी

सिंथिया,

वाचलं. शाब्बास. भावाने सणाला मासा पाठवला आणि तू तो मशीनमध्ये घातलास. आपल्या आख्ख्या गावठाणात असं कोणी केलं नसेल. पुढच्या नाताळला केक पाठवतो, तोही घाल.

तुझं काय चाललंय ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुझ्या डॅडींनी, अंकलनी, त्यांच्या हिश्शाचं खाडीकाठचं खाजण विकलं तेव्हा तू कॉलेजात होतीस, तुला नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून माझं उरलेलं तुझ्या डोळ्यांत सलतंय. आता बिल्डरची माणसं बांधावर येऊन फोटो काढतात, आणि बरोब्बर त्याच महिन्यात माझ्या माशात शिसं सापडतं. वा यार.

आपले आजे-पणजे या खाडीचंच पाणी उघाडीच्या झडपेतून तळ्यात घेऊन मासे वाढवायचे. पणजी ब्याण्णव वर्षं जगली, मासा खाऊन. दादूला बांधावरची शेड भाड्याने दिलीय दोन वर्षं झाली, तो रोज दुपारी माझाच मासा खातो. घोड्यासारखा धडधाकट आहे.

ऑक्टोबरचे मासे माझेच होते. सही तुझी, मशीन तुझं, आता चोर मी?

इव्हाचं नाव पुन्हा काढू नकोस. ती जावयाच्या आईवर गेलीय, त्यांच्यात सगळेच काटकुळे. इयान बोटीवर असतो, माझ्या नॅटलीची आई गेली, नातीला मी वाढवतोय. तुला पोटचं नाही, तू मला शिकवू नकोस.

बॅप्टिस्ट


चारकोप
१७ फेब्रुवारी

बॅप्टिस्ट,

शेवटचं वाक्य लिहिताना तुला बरं वाटलं असेल. असू दे.

तुझ्या पत्रातली एकच ओळ कामाची होती. दादूला शेड दिलीस ती. दादू तिथे काय करतो हे तू लिहिलं नाहीस, म्हणून मी बघून आले. काल रविवारी, तू चर्चमध्ये मिस्साला गेला होतास तेव्हा.

शेडमध्ये छपरापर्यंत जुन्या बॅटऱ्यांचे डबे रचलेत. गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या. दोन माणसं कोयत्याने त्या फोडत होती, हातात मोजे नाहीत. मागे भट्टी, तिच्यावर कढईत शिसं वितळत होतं. आणि फोडलेल्या बॅटऱ्यांचं काळं पाणी एका प्लास्टिकच्या पाइपातून बांधाखालून थेट तुझ्या तळ्यात. तो पाइप दादूने तुला न विचारता घातला असं सांगू नकोस. बांध फोडून पुन्हा लिंपलाय आणि ते लिंपण तुझ्या हातचं आहे. लहानपणापासून बघतेय, ओळखते मी.

शेडपासून पन्नास पावलांवर नॅटली इव्हाचे कपडे वाळत घालते.

तळ्यातला गाळ बाटलीत भरून आणलाय. आठ दिवस देते. तोपर्यंत दादूला काढलं नाहीस आणि विक्री थांबवली नाहीस तर मी रीतसर तक्रार करणार. हे लिहून देतेय, तुला हवं होतं तसं.

सिंथिया


भांडुप
२१ फेब्रुवारी

सिंथिया,

माझ्या खाजणात चोरासारखी शिरलीस आणि वर मला मुदत देतेस. पुन्हा दिसलीस तर कुत्रे सोडीन. बहीण म्हणून थांबणार नाही.

कर तक्रार. पण पूर्ण कर. ऑक्टोबरात मी बर्फाची पेटी तुझ्या टेबलावर ठेवली तेव्हा तू झाकण उघडलंस, वास घेतलास आणि हसून म्हणालीस, "हे तर वर्सोव्याचे दिसतात, दादा." आठवतं? मग चहा मागवलास आणि सही केलीस. तू कोळीवाड्याच्या बाजारात वाढलेली बाई, तुला खाजणातला मासा आणि समुद्रातला मासा कळत नाही होय? तुला त्याच दिवशी कळलं होतं. तेव्हा तक्रारीत तुझं नाव आधी घाल, मग माझं.

आणि दादूला मी हौसेने नाही आणलं. तीन वर्षांपूर्वी नाल्यात कोणी काय सोडलं देव जाणे, सकाळी बघतो तर सगळा जिताडा पोट वर करून तरंगतोय. त्याच वर्षी नॅटलीची आई अंथरुणाला खिळली. तेव्हा तुमच्यापैकी कोण आलं? दादू आला. शेडचं भाडं दिलं म्हणून तळं राहिलं, नाहीतर तिथे आज टॉवर दिसला असता.

दादूला काढलाय. परवाच. पाइप उपटला. आता पाणी स्वच्छ आहे. झालं तुझं समाधान? विषय संपला.

बॅप्टिस्ट


चारकोप
१९ मार्च

बॅप्टिस्ट,

आठ दिवसांचे तीस झाले आणि मी तक्रार केली नाही. तू ओळखलंच असशील का ते.

हो. कळलं होतं मला. झाकण उघडल्या उघडल्या कळलं. मी स्वतःला सांगितलं की दादाचं तळं एकदा बुडालंय, त्याला ही ऑर्डर मिळू दे. त्याच्या माशात काय असणार आहे? मला तुझा चेहरा पाडायचा नव्हता. एवढंच कारण. त्याहून मोठं कारण शोधत महिनाभर बसले होते, सापडलं नाही.

आणि पहिल्या पत्रात नवीन मशीनचं लिहिलं तेही खोटं. मशीन जुनंच आहे. ऑक्टोबरपासून मला ती सही खात होती, म्हणून मी तुझा मासा मुद्दाम नेला. तो चांगला निघावा, मग मी झोपीन, असं वाटलं होतं.

आता तुला काय वाटायचं ते वाटू दे. पण 'पाणी स्वच्छ आहे' हे तुझं वाक्य मूर्खपणाचं आहे. पाणी भरतीबरोबर बदलतं, गाळ बदलत नाही. तू दादूला दिलेल्या दोन वर्षांचं सगळं शिसं त्या गाळात बसलंय. मासा तिथेच चरतो. दादू गेला म्हणून ते जाणार नाही. मी गाळ तपासला. आकडा लिहीत नाही, तुला खोटा वाटेल.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस चालू आहेत. शुक्रवारी मटण चालत नाही म्हणून दर शुक्रवारी आख्खं गावठाण तुझा मासा नेतंय. हे मी तुला सांगायला नको.

इव्हाला एकदा घेऊन जा. बोटातून थेंबभर रक्त, दुसरं काही नाही. मी नॅटलीला सांगितलं तर ती पोर घेऊन तुझ्या घरातून निघून जाईल, म्हणून तुला सांगतेय. तू ने तिला, तू तपास. तुझा मान राहील.

सिंथिया


भांडुप
३ एप्रिल

सिंथिया,

डॉक्टरला दाखवलं. जंत आहेत म्हणाला, औषध दिलं आणि रक्त वाढायला टॉनिक. शिशाचं वगैरे त्याने काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पोरगी तीन दिवस चांगली जेवली.

गुड फ्रायडेच्या ऑर्डरी घेतल्यात. तो एक दिवस जाऊ दे, मग बघू.

नॅटलीला एक शब्द कळला तर तू मला मेलीस. लिहू नकोस आता.

बॅप्टिस्ट


मरोळ, अंधेरी पूर्व
२८ एप्रिल

डॅडी आणि सिंथिया आंटी,

हे एकच पत्र आहे, दोघांना झेरॉक्स काढून पाठवतेय. तुम्हाला पत्रं लिहायची आवड आहे, म्हणून मीही लिहिते.

ईस्टरच्या दुपारी इव्हाला पोटात कळ आली. आधी ओरडली, मग ओरडायचीही थांबली. मी रिक्षाने मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी हिरड्या बघितल्या, डोळे बघितले आणि मला विचारलं, "घराजवळ बॅटरीचं काम चालतं का?" मी म्हटलं, चालायचं, आता बंद झालं. त्यांनी लगेच रक्त घेतलं.

रक्तात शिसं अडतीस. त्या म्हणाल्या, पाचच्या वर गेलं तरी आम्ही काळजी करतो. मासा, सार, धूळ, सगळ्यातून गेलंय. मेंदूवर किती परिणाम झालाय ते आज सांगता येत नाही. शाळेत घातल्यावर कळेल, म्हणाल्या. हळूहळू कळेल.

लसींचं कार्ड हवं होतं म्हणून मी घरी येऊन डॅडींच्या कपाटातला पत्र्याचा डबा काढला. कार्ड नव्हतं. आंटीची पत्रं होती, आणि डॅडी, तुमची उत्तरंही. तुम्ही आधी कच्चं लिहून मग चांगल्या कागदावर उतरवता ना. सगळी वाचली. हॉस्पिटलच्या बाकावर बसून दोनदा वाचली.

तुमच्या सहा पत्रांपैकी चारांत माझ्या मुलीचं नाव आहे. आंटी, तुम्ही फेब्रुवारीत तुमच्या भावाला लिहिलंत. मार्चमध्ये पुन्हा त्यालाच लिहिलंत, त्याचा मान राहावा म्हणून. माझा नंबर तुमच्याकडे होता. मी तुम्हाला कधीच ब्लॉक केलं नव्हतं. एक फोन, आंटी. "नॅटली, तिला मासा देऊ नकोस." इतकंच बोलायचं होतं.

डॅडी, तुम्हाला मी काय लिहू? फेब्रुवारीत वाचलंत आणि त्याच दिवशी तिला सार दिलंत. एप्रिलमध्ये डॉक्टरपुढे बसून गप्प राहिलात. आणि गुड फ्रायडेच्या ऑर्डरी घेतल्यात.

मी इयानच्या आईकडे आलेय. इयानला बोटीवर फोन करून सांगितलं, तो पहिल्या बंदरावर उतरून येतोय. तुम्ही दोघांनीही इथे यायचं नाही. तुम्ही एकमेकांवर कोण जास्त वाईट ते ठरवत बसा. मला दोघंही सारखेच.

नॅटली


भांडुप
१२ मे

सिंथिया,

नॅटलीचं पत्र तुलाही आलं असेल. त्यावर मला तुझ्याशी काही बोलायचं नाही. काय झालं ते फक्त कळवतो, नाहीतर म्हणशील लपवलं.

पत्र आलं त्याच दिवशी मी मरोळला गेलो होतो. नॅटली खाली आली. मी म्हटलं, "बाय, एकदा बघू दे." ती म्हणाली, "कोणाला? आजोबा म्हणून बघायचंय, की मासा विकणारा म्हणून?" ती वर गेली आणि दार लावलं. मी तासभर गेटवर होतो. वॉचमनने खुर्ची दिली, मी बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः प्रदूषण खात्याच्या ऑफिसात जाऊन लिहून दिलं. दादू, शेड, पाइप, केटररला दाखवलेले वर्सोव्याचे मासे. सगळं. साहेब म्हणाला, "वकील आणा आधी." मी म्हटलं, "लिहून घ्या ना, माझं मन बदलायच्या आत लिहून घ्या." तुझंही नाव घातलंय. तुला कळलं होतं आणि तू सही केलीस, तेही. तुला राग येणार, येऊ दे.

शुक्रवारी त्यांची माणसं आली. उघाडी बंद करून ठेवली, पाणी खाडीत जाऊ नये म्हणून. जाळं मीच ओढलं. मासा असा उसळत होता की बघणारा म्हणेल, काय झकास पीक आहे. साडेतीनशेच्या वर जिताडे. सगळे त्यांनी सांगितलं तिथे खड्ड्यात घातले, वर चुना टाकला. शेजारची माणिक टोपली घेऊन आली होती, म्हणे दोन तरी द्या, फुकट कशाला घालवता. मी तिच्या हातातली टोपली हिसकून फेकून दिली. मग तिला का ते सांगितलं. ती माझ्या तोंडावर थुंकली. तिच्या घरात दोन लहान पोरं आहेत.

बॅप्टिस्ट


चारकोप
१७ मे

बॅप्टिस्ट,

माझं नाव घातलंस ते बरोबर केलंस. राग आला नाही. मी तीस एप्रिललाच लॅबच्या साहेबांना लिहून दिलं होतं. त्यांनी मला घरी बसवलंय. चौकशी होईल, पण नोकरी गेल्यातच जमा. एकोणीस वर्षांच्या माझ्या सगळ्या सह्या आता पुन्हा तपासणार आहेत. तपासू देत.

नॅटलीला मी फोन केला नाही, कारण ती उचलणार नाही आणि तिने उचलावा अशी माझी लायकी नाही. चिठ्ठीही लिहिली नाही. तुझ्यासारखी गेटवरही उभी राहिले नाही. ते तू केलंस, त्यात तिच्यासाठी काय होतं आणि तुझ्यासाठी काय होतं, याचा विचार कर.

पण माणिकचं वाचून मी बसून राहिले नाही. नॅटलीच्या मुलीला काय झालंय ते निदान डॉक्टरने ओळखलं. बाकीच्या घरांचं काय? तिथे अजून जंताचीच औषधं चालू असतील. मी त्या केटररला, चंद्रप्रकाशला भेटले, त्याने कुठल्या कुठल्या घरगुती कार्यात मासा दिला ते लिहून घेतलं. काल गावठाणात आले होते. तुझ्या घरावरून गेले, तू ओट्यावर होतास, तू बघितलंस मला.

शकुच्या घरी गेले. ती म्हणाली, "तू कशाला आलीस? ज्याने विकलं तो कुठेय?" मी म्हटलं, तो येईल. का म्हटलं कोण जाणे. तिच्या मुलीला शाळेत काही लक्षात राहत नाही, मारून मारून थकली म्हणे. मारू नकोस म्हटलं, रक्त तपास. पत्ता लिहून दिला. ती रडली, मग मला हाकलून दिलं. पुढच्या दोन घरांनी दारच उघडलं नाही.

तुला मी माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस. माफीबिफी आपल्या दोघांत वाटून घ्यायची ही गोष्ट नाही.

सिंथिया


भांडुप
२० मे

सिंथिया,

काल शकुकडे गेलो. तिने दोन वाजवल्या, तिच्या सासूसमोर. मी उभा राहिलो. मग म्हणाली, "कधी न्यायचं पोरीला, कुठे न्यायचं, नीट सांगा." तुझी चिठ्ठी तिच्याकडे होती, पण तिला अक्षर लागत नव्हतं. मी वाचून दाखवली. उद्या मी तिच्याबरोबर जातोय.

नॅटलीने एक मेसेज केला. फक्त आकडा. एकतीस. अडतीस होतं. बाकी काही नाही. मी 'थँक्यू' लिहिलं आणि पुसून टाकलं.

चर्चच्या मागची गल्ली राहिलीय. दोन्ही बाजूंना मिळून सव्वीस घरं. दर शुक्रवारी सगळ्यांनी मासा नेलाय, मला प्रत्येक दार पाठ आहे. एकट्याने केलं तर चार-पाच दिवस जातील, आणि पोरांचे तेवढे दिवस कशाला घालवायचे?

रविवारी दहा वाजता ये. डावीकडची घरं तू घे, उजवीकडची मी घेतो. माझ्याशी बोलू नकोस, मीही बोलणार नाही.

बॅप्टिस्ट